शाळिग्राम फुटला, आणि आत जे दिसलं त्याबद्दल

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. कुठल्या विभागात बसतो ते कळेना, म्हणून अध्यात्मात टाकलाय. चुकलं असेल तर संपादकांनी हलवावा.

सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्यांचं देवघर माझ्याकडे आहे. त्यात त्यांच्याही सासूबाईंच्या वेळेपासूनचा एक शाळिग्राम आहे. मोठ्या आवळ्याएवढा, काळाभोर, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. मागच्या एकादशीला पंचामृताचं स्नान घालून ताम्हणातून उचलताना तो बोटांतून निसटला आणि शहाबादी फरशीवर आपटला. चांगला रुपयाएवढा टवका उडाला. मला हुंदकाच फुटला.

टवका परत जागी बसतो का बघायला गेले आणि थबकले. आत एक वेढा होता. चकलीसारखा म्हणावा, तर चकलीचे वेढे एकाच जाडीचे असतात. हा मधून निघतो तेव्हा दोऱ्याएवढा बारीक आणि बाहेर येईपर्यंत करंगळीएवढा जाड. त्यावर आडवे कंगोरे, आणि बाहेर येताना त्यांच्यातलंही अंतर वाढत गेलेलं. एका फटीत सोन्यासारखे दोन-तीन कण. समईच्या उजेडात किती वेळ बघत बसले कोण जाणे, नैवेद्याचं दूध उतू गेलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, खंडित झालेलं पूजेत ठेवू नये, कृष्णेत सोडून ये. माझी पुतणी भूशास्त्र शिकते, तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "काकू, हा अमोनाइट आहे, समुद्रातला प्राणी. नदीत टाकू नकोस, मला दे."

मला दोघींचंही पटत नाहीये. विसर्जन करायचं का, हा एक प्रश्न. पण त्याहून आतला प्रश्न असा, की एवढी वर्षं मी याला विष्णू म्हणून तुळस वाहिली. आता तो वेढा पाहिल्यावर माझा हात जास्तच आपोआप जोडला जातोय, कमी नाही. असं का होत असेल? निसर्गातली अशी घडण पाहून तुमच्या मनात काय होतं? आणि जिथे घडण नाही, नुसता गोंधळ आहे, तिथे?

---

समिधा

ताई, आधी विसर्जनाचं. काढायची गरज नाही. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, कारण मूर्ती घडवलेली असते आणि तिची प्राणप्रतिष्ठा केलेली असते. शाळिग्राम स्वयंभू, त्याला प्राणप्रतिष्ठा लागतच नाही. म्हणून फुटला, तडकला तरी तो पूज्यच मानतात. माझे वडील याज्ञिकी करायचे, आमच्या संपुष्टात, म्हणजे देव ठेवायच्या डबीत, अर्धा फुटलेला शाळिग्राम होता आणि त्याची पूजा कधी चुकली नाही.

दुसरं म्हणजे, आत प्राणी आहे हे ऐकून तुम्हाला धक्का बसला असेल तर आपल्याकडची जुनी कथा आठवा. गंडकीतल्या शिळेत चक्रं कोण कोरतं? वज्रकीट. दगड पोखरून आत चक्र उमटवणारा किडा. म्हणजे या वेढ्यामागे एक जीव आहे हे परंपरेनेही धरलेलंच होतं. पुतणीचं आणि आजेसासूबाईंचं म्हणणं तुम्हाला वाटतं तेवढं लांब नाही.

---

दगडफूल

समिधा, वज्रकीटाचं वाचून अंगावर काटा आला. मी भूशास्त्रवालाच आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

अमोनाइट म्हणजे आपल्या म्हाकुळाचा फार जुना नातेवाईक, पण शंखात राहणारा. शंखाच्या शेवटच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत तो राहायचा. वाढला की पुढे नवी जागा बांधायची आणि मागे भिंत घालून जुनी खोली बंद करायची. त्या बंद खोल्यांतल्या वायूमुळे शंख पाण्यात हलका व्हायचा. म्हणजे ताई, तुम्ही पाहिलेला वेढा हे त्याच्या राहत्या घराचं चित्र तर आहेच, पण ती त्याची जन्मभराची वहीसुद्धा आहे. मधला दोऱ्याएवढा भाग म्हणजे पिल्लू, बाहेरचा करंगळीएवढा म्हणजे म्हातारपण. भिंग असेल तर जिथे भिंत शंखाला टेकते ती रेषा शोधा. सरळ नसते. नेच्याच्या पानासारखी झालर असते, झालरीला पुन्हा छोटी झालर.

सोनेरी कण बहुधा पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधक. प्राणवायू नसलेल्या चिखलात प्राणी गाडला गेला की असं होतं. नेपाळात काली गंडकीच्या वरच्या खोऱ्यात, मुक्तिनाथाच्या आसपास, काळ्या चिकणखडकात हे गोळे सापडतात. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्राचा तळ होता. भारताचा भूखंड आशियाला धडकला, तळ उचलला गेला, हिमालय झाला आणि नदी तो खडक कापत गोळे खाली आणू लागली.

आता मला जे खरं सांगायचंय ते. अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे. सुमारे ६१ मीटर उंच, सरळ उभा काळा कडा, आणि त्यावर गावदेवीचं देऊळ. खालून पाहिलंत तर कडा एकसंध नाही, उभे खांब एकमेकांना चिकटून उभे केल्यासारखा आहे. हे खांब कोणी तासले नाहीत. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना ताण येतो, ताण सगळीकडे सारखा असला की तडा तीन बाजूंना साधारण १२० अंशांत फुटतो, आणि अशा तडा जुळल्या की षटकोन होतात. तडा वरून खाली उतरत जाते तसा षटकोनाचा खांब होतो. सगळे खांब सहा बाजूंचेच नसतात, पाचाचे असतात, सातांचेही असतात. वाळलेल्या तळ्याच्या गाळातही बघा. पहिल्यांदा वाळताना भेगा काटकोनात असतात. पुनःपुन्हा भिजून वाळला की त्या हळूहळू षटकोनाकडे वळतात.

हा लाव्हा दख्खनच्या पठाराचा, आणि त्या पठाराचा बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तुमच्या घाटाचा काळा दगडही त्याच कुळातला. आणि पृथ्वीवरचे शेवटचे अमोनाइट संपले तेही ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरबरोबर. आज मेक्सिको आहे तिथे उल्का आदळली, इकडे आपल्या पायाखाली लाव्हा वाहत होता. कोट्यवधी वर्षं वेढ्यामागून वेढा नेमाने घालणारं ते कुळ त्या उलथापालथीत संपलं, आणि त्याच उलथापालथीतला लाव्हा थंड होता होता षटकोन झाला. तुमचं देवघर त्या दगडावर उभं आहे आणि देवघरात तो प्राणी आहे. मी निरीश्वरवादी घरात वाढलो. पण गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढताना मी चपला खालीच काढतो.

---

वाचनवेडी

वाचनखूण साठवली. दगडफूल, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

---

अर्धविराम

कृष्णाकाठ, तुम्ही गणिताचं पुस्तक न उघडता एक मोठी गोष्ट पकडलीत. चकली आणि शाळिग्राम यांतला फरक हाच दोन प्रकारच्या सर्पिलांतला फरक आहे. चकलीत दर वेढ्याला अंतर तेवढंच वाढतं. शंखात दर वेढ्याला तेवढ्याच पटीने वाढतं. म्हणून शंखाचा छोटा तुकडा मोठा करून पाहिला तर पूर्ण शंखासारखाच दिसतो. प्राणी वाढतो पण त्याचा आकार बदलत नाही, कारण तो फक्त तोंडाशी भर घालतो आणि जेवढा मोठा झालाय त्या प्रमाणात घालतो. एवढा एकच नियम.

याकोब बेर्नुली हा गणिती या वक्रावर इतका जीव लावून बसला होता की आपल्या थडग्यावर हाच कोरावा आणि खाली 'बदलूनही मी तसाच पुन्हा उठतो' अशा अर्थाची लॅटिन ओळ घालावी, अशी त्याची इच्छा होती. तो १७०५ साली बाझेलमध्ये वारला. पाथरवटाने कोरली ती चकली. अजूनही तिथे आहे.

एक विनंती मात्र सगळ्यांना. अशा धाग्यावर लगेच 'सुवर्ण गुणोत्तर (साधारण १.६१८), शंखात, आकाशगंगेत, माणसाच्या चेहऱ्यात, सगळीकडे एकच देवाची सही' असे फॉरवर्ड येतात. नॉटिलस, म्हणजे अमोनाइटसारखाच शंखात राहणारा आजचा समुद्री प्राणी, त्याच्या शंखात सुवर्ण सर्पिल नसतो. त्याचा वेढा एका फेरीत साधारण तिपटीने वाढतो, सुवर्ण सर्पिल जवळजवळ सातपटीने. जे आहे ते इतकं सुंदर असताना खोटं कशाला जोडायचं?

सूर्यफुलात मात्र आहे. बियांच्या उजव्या आणि डाव्या ओळी मोजा, ३४ आणि ५५ येतात, मोठं फूल असेल तर ५५ आणि ८९. अननसाच्या डोळ्यांत ८ आणि १३. कारण असं, की नवा कोंब जुन्या कोंबांपासून जिथे सर्वांत मोकळीक मिळेल तिथे फुटतो. एवढं पाळलं की दोन कोंबांतला कोन आपोआप १३७.५ अंशांच्या, म्हणजे सुवर्ण गुणोत्तरातून येणाऱ्या कोनाच्या, जवळ जातो.

आणि ही संख्यामाला, जिच्यात प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज असतो, आपल्याकडे फुलांतून आली नाही, छंदांतून आली. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. चार मात्रांची जागा किती प्रकारे भरता येते? गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच. पाच मात्रांची आठ प्रकारे, सहांची तेरा. जैन पंडित हेमचंद्राने हे साधारण ११५० च्या सुमारास लिहून ठेवलं, जिच्यावरून ही माला ओळखली जाते त्या इटलीतल्या फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी; छंदशास्त्रकार विरहांकाने त्याच्याही आधी. मी शाळेत हे शिकवताना मुलांना टाळ्या वाजवायला लावतो. एक मुलगी आठवी टाळी वाजवून म्हणाली, "सर, हे आधीपासूनच होतं ना? आपण फक्त मोजलं." ताई, तुमचा हात का जोडला जातो, याचं उत्तर मला तिच्या वाक्यात दिसतं.

---

साशंक

धागा वाचतोय, मनापासून आवडतोय. म्हणूनच जे टोचतंय ते बोलतो.

२०१४ साली ३० जुलैला माळीण गेलं. मी तेव्हा पुण्यात होतो, आम्ही काही मित्र तिसऱ्या दिवशी पोचलो. आंबेगाव तालुक्यातलं छोटं गाव, डोंगराच्या कुशीत. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी कडा खाली आला. दीडशेच्या आसपास माणसं. मी चिखलातून एक पाटा बाहेर काढला. वरवंटा सापडला नाही. त्या पाट्यावर टाकीचे ताजे घाव होते, नुकताच टाकवून घेतलेला. बारा वर्षं होत आली, पण पाटा दिसला की मला तो चिखल दिसतो.

भौतिकी मलाही माहीत आहे. वाळूच्या ढिगावर कण कण टाकत राहा, बहुतेक कण काही करत नाहीत, एखादा कण अर्धा ढीग खाली आणतो. कुठला कण, ते आधी सांगता येत नाही. १९८७ साली बाक, तांग आणि वीझनफेल्ड या तिघांनी यावर निबंध लिहिला. डोंगर हा वाळूचा ढीग नाही हे मान्य, पण तऱ्हा तीच.

माझं म्हणणं एवढंच. सूर्यफूल पाहून हात जोडायचे आणि माळीण पाहून 'तो निसर्गाचा कोप' म्हणायचं, हे मला जमत नाही. दोन्हीमागे तेच नियम आहेत. एकाला हार आणि दुसऱ्याला मौन, असं कसं? घडणीत देव असेल तर पडझडीत कोण आहे? कृष्णाकाठ, तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंत म्हणून लिहिलं, नाहीतर हे इथे लिहायचं धाडस झालं नसतं.

---

कृष्णाकाठ

साशंक, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि माझ्या पाट्यावर उगाच हात फिरवून आले.

---

तळकोकण

साशंक यांच्या प्रश्नावर थोडं. आपण फक्त सुबक गोष्टींनाच देव मानत आलो, हे मला मान्य नाही. गावाकडे बघा. अन्नपूर्णा देवघरात असते, पण शिवेवर म्हसोबा असतो, मरीआई असते. पटकीच्या साथीत गावं रिकामी व्हायची, त्या साथीलाच आई म्हटलं आणि तिचा गाडा शिवेपार नेऊन सोडला. आमच्याकडे आणि गोव्यात वेताळ. आरवलीच्या वेतोबाला लोक चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो. म्हणजे जे आवाक्याबाहेर आहे, ज्याचा भरवसा नाही, त्यालाही जागा दिली आहे. घरात नाही, शिवेवर. पण दिली आहे. ही भीती होती असं म्हणाल तर होतीच. पण भीती लपवली नाही, तिला शेंदूर लावला.

आणि कौल. देवाच्या पाषाणावर पाण्याने पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. कधी पंधरा मिनिटं काहीच पडत नाही. आजोबांच्या जमिनीच्या वेळी मी लहान होतो, गाभाऱ्यात पुढेच बसलो होतो. पाकळीच्या कडेखालचं पाणी सुकताना दिसायचं, पाकळी जराशी हलायची, पुन्हा थांबायची. कुठल्या क्षणी सुटेल हे गुरवालाही माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच भांडणारे दोघे भाऊ तो निकाल मानायला तयार होते. जिथे आपलं गणित चालत नाही तिथेच त्याचं बोलणं ऐकू येतं, असं मानणारी माणसं आहेत आम्ही.

---

चाड्यावरमूठ

मी कोरडवाहू शेतकरी, मराठवाडा. लिहायची सवय नाही.

वरचं कौलाचं वाचून वाटलं, आमचा कौल दरसाल जूनमध्ये लागतो. मृग निघतं, पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं. बेडूक, म्हैस, हत्ती असलं तर म्हातारी माणसं खूश. वाहन काढायची रीत ठरलेली आहे, सूर्याच्या आणि चंद्राच्या नक्षत्रांतलं अंतर मोजायचं आणि नवाने भागायचं. सगळ्या देशाला एकच वाहन. पण शेजारच्या शिवारात पडतो आणि माझ्या बांधावर थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा वाहनावर माझा विश्वास नाही. माझा मुलगा मोबाईलवर ढग बघतो.

तरी पेरणीच्या दिवशी तिफणीची पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं, नारळ फुटतो, मग चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या तोंडावर, मूठ. जमीन वाफशावर आहे की नाही ते ढेकूळ मुठीत दाबून कळतं, ते आपल्या हातात आहे. पुढचे वीस दिवस आपल्या हातात नाहीत. दोनदा दुबार पेरणी केलीय. बी मातीत गेलं की मी एक शब्द बोलत नाही थोडा वेळ. पाऊस पडेल म्हणून नमस्कार करत नाही. माहीत नसताना पेरलं म्हणून करतो. साशंक दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे नाही. पण मला एवढंच जमतं.

---

हवापाणी

चाड्यावरमूठ, तुमच्या प्रतिसादापुढे लिहायला संकोच वाटतो. हवामानाच्या नोंदींत माझं आयुष्य गेलं, म्हणून एक भर घालतो.

१९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवेचं एक साधं प्रारूप चालवत होते. एक गणित त्यांना पुन्हा बघायचं होतं, म्हणून मधल्याच छापील आकड्यांवरून सुरुवात केली. यंत्राच्या पोटात आकडा ०.५०६१२७ होता, छापलेल्या कागदावर ०.५०६. त्यांनी कागदावरचा टाकला आणि कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन बघतात तर सुरुवातीला जुन्याशी जुळणारी हवा पुढे साफ वेगळी झालेली. नियम तेच, यंत्र तेच, फरक दहा हजारांत तिनाहूनही कमी. १९६३ च्या त्यांच्या निबंधातून पुढे 'केऑस' नावाचं हे सगळं शास्त्र उभं राहिलं. दोन आठवड्यांपलीकडे कुठल्या दिवशी कुठे पाऊस पडेल हे का सांगता येत नाही, त्याचं मूळ इथे आहे. नियम नाहीत म्हणून नव्हे. नियम आहेत, पण आजचं आपलं माप कधीच पुरतं बारीक नसतं.

पण लोकांना हे अर्धंच माहीत असतं. लोरेन्झ यांनी त्या निबंधात अशाच आणखी साध्या एका गणिताची वाट कागदावर काढली तेव्हा ती कुठेही भरकटली नाही. एकदा गेलेल्या जागी ती पुन्हा कधी अचूक येत नाही, पण दोन पंखांसारख्या एका आकाराबाहेरही जात नाही. आणि मोसमी पावसाबाबत तर १९८१ साली चार्नी आणि शुक्ला यांनी दाखवलं, की उष्ण कटिबंधात रोजची हवा बेभरवशाची असली तरी संपूर्ण हंगामाचा कल समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींना बांधलेला असतो. शुक्ला हे उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेले. पाऊस न आलेलं गाव त्यांनी लहानपणी पाहिलं होतं.

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. सरासरी तारीख ११ जून. त्या दिवशी मी गच्चीत उभा राहून भिजलो. चाळीस वर्षं तारखा लिहिल्या, आणि तरी दरवर्षी पहिल्या सरीला छातीत जे होतं त्याची नोंद करायला रकाना नव्हता.

---

ओहायोकर

थोडं अवांतर. आम्ही अमेरिकेत सिनसिनाटीजवळ राहतो. २००४ साली लग्न करून आले आणि मे महिन्यात जमिनीतून लाल डोळ्यांचे किडे निघाले, झाडंच्या झाडं भरली, फोनवर बोलता येईना इतका आवाज. सिकाडा. सतरा वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत राहतात, माती पुरेशी उबदार झाली की एकदम वर येतात, दीड महिन्यात संपतात. २०२१ साली त्यांचीच पुढची पिढी आली तेव्हा माझी मुलगी सोळा वर्षांची होती आणि आई गेलेली होती. आता २०३८. अंगणात भोकं दिसली की मी तिथे पाण्याचा तांब्या ठेवते, का ते मला सांगता येणार नाही.

---

टाळकरी

आषाढी तोंडावर आली आहे आणि वारीचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. आमची दिंडी माउलींच्या सोहळ्यात रथामागे असते.

दिवसभराची चाल झाली की तळावर समाजआरती होते. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेकडो दिंड्या तळावर येऊन गोल उभ्या राहतात आणि प्रत्येक दिंडीत टाळ चालू असतात. हजारो टाळ. प्रत्येक दिंडीचा ठेका आपापला, पण आपल्या दिंडीत मात्र कोणी न सांगता सगळ्यांचे हात जुळलेले असतात. मीही शिकलो नाही, तीन दिवस चाललो आणि हात पडायला लागला. नवशिक्याचा टाळ आधी पुढेमागे होतो, मग शेजारचा त्याच्याकडे न बघता जरा सावकाश घेतो, हा जरा उचलून घेतो, आणि बसतं. काजव्यांची झाडं पावसाच्या तोंडावर एकदम लुकलुकतात, तिथेही म्हणे कोणी म्होरक्या नसतो, शेजारी शेजाऱ्याला धरतो.

मग चोपदार चोप उंच करतात. आणि तो सगळा गजर एका क्षणात थांबतो. लाखभर माणसं आणि टाचणी पडेल तर ऐकू येईल. ती शांतता अंगावर येते.

पण माझं सांगणं त्याच्या पुढचं आहे. ज्या दिंडीची तक्रार असेल, पाणी आलं नाही, जागा मिळाली नाही, काही भांडण असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांत आणि एका कोपऱ्यात टाळ चालूच. कोणी त्यांना गप्प करत नाही. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगतात आणि मगच आरती.

साशंक, तुमचं माळीणचं वाचून मला तो कोपऱ्यातला टाळ आठवला. तो वाजत असताना आरती सुरू होत नाही.

---

साशंक

टाळकरी, धन्यवाद. याहून जास्त आता लिहिता येणार नाही.

---

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात तीस वर्षं परिचारिका होते. रात्री मॉनिटरच्या हिरव्या रेषा बघत बसायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की निरोगी हृदय घड्याळासारखं चालतं. तसं नसतं. श्वास आत घेताना ठोके जरा जलद होतात, सोडताना जरा सावकाश. दोन ठोक्यांतलं अंतर सतत थोडं थोडं बदलत राहतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसात हा बदल फार कमी झाला, ठोका अगदी एकसुरी झाला, तर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. आणि पूर्ण विस्कटला तर तेही जीवघेणं. जिवंत माणूस या दोन्हींच्या मधे असतो.

२००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी एक पाहणी छापली. लोकांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि शरीरात रक्तदाबाची जी दहा-दहा सेकंदांची लाट असते तिच्याशी जुळला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, आणि म्हणणाऱ्यांनी हे मोजून बसवलेलं नव्हतं.

आमच्याकडे एक आजी होत्या, रात्रभर ओठ हलत असायचे. मी विचारलं, काय म्हणता? म्हणाल्या, "विठ्ठल विठ्ठल म्हणते गं, श्वास चुकायला लागला की पुन्हा सापडतो." मी मॉनिटरकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि शिफ्ट संपेपर्यंत मनात तेच म्हणत राहिले.

---

अर्धविराम

रात्रपाळी, उद्या वर्गात हे सांगू का? तुमची परवानगी असेल तरच.

रात्रपाळी

अवश्य सांगा. आजींचं वाक्य मात्र आहे तसंच सांगा.

---

कृष्णाकाठ

मंडळी, आठवडाभर रोज रात्री धागा वाचत होते. विसर्जन करणार नाही. काकूंना समिधांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या गप्प ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "वज्रकीट मलाही माहीत होता गं, आजी सांगायची. विसरले होते."

पुतणी रविवारी आली, येताना भिंग घेऊन. आम्ही दोघींनी खिडकीपाशी बसून बघितलं. दगडफूल, झालर आहे. दोन ठिकाणी स्पष्ट दिसते, तिसऱ्या ठिकाणी टवक्याबरोबर गेली. तिने खोल्या मोजल्या, बाहेरून आत, पेन्सिलीच्या टोकाने. एकवीसपर्यंत नीट मोजता आल्या. त्यापुढे वेढा इतका बारीक होत जातो की भिंगातूनही भिंती वेगळ्या दिसेनात. ती म्हणाली, "आत आणखी असणार, पण तिथपर्यंत माझी नजर पोचत नाही." आणि भिंग खाली ठेवून तिनेच हात जोडले. मी काही बोलले नाही.

साशंक, आमच्याकडे शाळिग्रामाला स्नान घालून ते पाणी तीर्थ म्हणून देतात. सोमवारी मी ते तुळशीला घालायला निघाले होते, मधेच थांबले आणि थोडं पाट्यावर घातलं. तुमच्या त्या पाट्याचं नाव घेऊन. गावाचं नाव घेऊन.

टवका लाल कापडात गुंडाळून संपुष्टात शाळिग्रामाशेजारीच ठेवलाय. आता स्नान घालताना फुटलेली बाजू वर ठेवते. पाणी वेढ्यातून फिरत फिरत मधे जातं आणि तिथे एक थेंब बराच वेळ थांबून राहतो.